धोंड्याच्या वाणात गेलेला गेम

आमच्या घरात गेमचं मशीन आलं ते कुणी हट्ट केला म्हणून नव्हे. पुण्याच्या मामाचा मुलगा शिकायला परदेशी गेला. जाताना त्यानं आपल्या सगळ्या सीडी मित्रांना विकल्या आणि मशीन तेवढं मागे राहिलं. पप्पा दुकानाचा माल आणायला पुण्याला गेले होते, तेव्हा मामी म्हणाली, धूळ खात पडलंय, पोरींना घेऊन जा. पप्पांनी ते साड्यांच्या गठ्ठ्यात गुंडाळून कळंबला आणलं. कळंबच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे आणि त्याच्या वरच आम्ही राहतो.

टीव्हीला जोडल्यावर कळलं, मशीनच्या पोटात एक सीडी तशीच राहून गेली होती. तेवढा एकच गेम.

मी तेव्हा अकरावीत होते. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं बी.ए. झालं होतं आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. तिच्या वेळी आमच्याकडे इंग्लिश स्कूल नव्हतं म्हणून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. माझ्या वेळी नवीन शाळा निघाली, पिवळी बस दारात यायला लागली आणि मी टाय बांधून जायला लागले. त्या शाळेनं मला इंग्रजी दिली, पण बोलायचं धाडस दिलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आतल्या खोलीत जायची. पाहुणे आले की आई म्हणायची, "लाजरी हाय जरा," आणि माझं बोलणं तिथंच संपायचं. चारचौघांत माझ्या तोंडून मराठी नीट यायची नाही आणि इंग्रजी आली तर लोक हसायचे. म्हणून मी बघत राहायची. बघणं मला चांगलं जमायचं.

गेम एका बाईचा होता. तिचं गाव पाण्याखाली गेलंय. सगळीकडे पाणीच पाणी, मधूनच घरांची छपरं वर आलेली, देवळाचा कळस असावा तसे मनोऱ्यांचे शेंडे. ती एक छोटी नाव वल्हवत आपल्या वडलांना शोधत निघालीय. वडील समुद्रावरचा दिवा सांभाळतात, एवढंच तिला माहीत असतं. वाटेत माणसं भेटतात, काही बोलतात, कधी वादळ येतं, कधी कुणी नाव हिसकावून घ्यायला येतं.

मी खेळायला बसले आणि पहिल्याच बेटावर दहा वेळा पाण्यात पडले. ताई कणीक मळत होती. ती हात धुऊन आली, म्हणाली, "दे बरं इकडं तो रिमोट." ती त्याला शेवटपर्यंत रिमोटच म्हणाली. तिनं तो हातात घेतला आणि ती बाई सरळ चालायला लागली. ताईच्या हातांना पहिल्यापासून हे असंच. स्कूटी शिकली ती एका सकाळीत, भरतकाम शिकली ते शेजारणीला नुसतं बघून. पण पडद्यावर कोळी बोलायला लागला तशी ती थांबली.

"काय म्हणायलाय हा?"

मी सांगितलं. आधी शाळेतल्यासारखं, शब्दाला शब्द ठेवून. ताई म्हणाली, "असं कोण बोलतंय का? कोळी हाय तो, तहसीलदार न्हाय." मग मी त्याला कोळ्यासारखं बोलायला लावलं. "कुठं निघालीस गं बाय एवढ्या पाण्याचं? पाणी कुणाला इसरत न्हाय बघ. गेलेल्या माणसाला तर मुळीच न्हाय."

"पाणी कशाला ध्यानात ठेवतंय?" ताई वल्हवत म्हणाली. "त्याला काय बायकांवानी रिकामपण हाय व्हय?"

आम्ही दोघी हसलो. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्या डबड्याम्होरं काय दात काढायल्यात दोघी?"

तिथून पुढं तसंच ठरलं. हात ताईचे, तोंड माझं. त्या गेममधलं प्रत्येक माणूस माझ्या आवाजात कळंबची भाषा बोलायचं. म्हातारा नावाडी आमच्या आजोळच्या एका म्हाताऱ्यासारखा खाकरत बोलायचा. पाण्यातली दरोडेखोर बाई दुकानात घासाघीस करणाऱ्या एका गिऱ्हाइकासारखी. "एवढ्याला देती का नाव? न्हायतर ऱ्हाऊ दे, जाते म्होरच्या दुकानात." ताई हसता हसता रिमोट खाली ठेवायची आणि तेवढ्यात ती बाई बुडायची. माझा आवाज इतका मोठा असतो हे मला तेव्हाच कळलं. बाहेरच्या कुणीही तो ऐकला नव्हता.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. खाली ड्रम, घागरी, पातेली भरून ठेवलेली असायची आणि वर पडद्यावर क्षितिजापर्यंत निळं पाणी. ताई म्हणायची, "एवढं पाणी असून रडायल्यात बघ. पाठवा म्हणावं इकडं दोन टँकर." लाईट जायच्या वेळा तिला पाठ होत्या. लाईट जायच्या आधी ती नाव कुठल्या तरी बेटाला लावायची, कारण बेटावर गेल्याशिवाय खेळ जतन होत नसे. मधेच अंधार झाला तर सगळं परत.

क्लासमधल्या एका मुलाकडे दुसऱ्या कंपनीचं मशीन होतं. तो मुलांना सांगत होता, त्याच्याकडे सगळे गेम आहेत. मी घरी येऊन मोबाईलवर शोधलं. आमचा गेम त्याच्या मशीनवर चालत नव्हता. कॉम्प्युटरवरही नाही. फक्त आमच्याच मशीनवर. मी ते ताईला सांगितलं तेव्हा तिला आधी पटेना. "म्हणजे पैसे दिले तरी न्हाय?" पैसे दिले तरी नाही. तिनं मशीनवरची धूळ ओढणीनं पुसली. त्यानंतर तिनं त्यावर क्रोशाचा एक रुमाल विणून टाकला, आणि मी गरम होईल म्हणून तो रोज काढून ठेवायची.

तिनं मला एक शपथही घातली. "शेवट मोबाईलवर बघायचा न्हाय. बघितलास तर बोलणार न्हाय तुझ्याशी." मी बघितला नाही. मोह फार झाला, पण ती कथा मोबाईलमध्ये नव्हतीच असं मी स्वतःला सांगितलं. मोबाईलमध्ये सगळंच असतं, सगळ्यांचं असतं. आमचा गेम वरच्या खोलीत, त्या टीव्हीखाली होता. त्यासाठी भांडी घासून, अभ्यास आटपून, जिना चढून जावं लागायचं. आणि दोघी असाव्या लागायच्या.

ताईचं लग्न परंड्याला जमलं. मुलाचं खतं-बियाणांचं दुकान, घरचं रान, धाकटा भाऊ कॉलेजात. माणसं चांगली होती, आजही आहेत. लग्नाच्या घाईत आमचा गेम शेवटाला आला होता. लांबवर वडलांचा तो दिवा दिसायला लागला होता. मधे एक वादळ होतं, ते ताईलाही पार होईना. हळदीच्या दिवशी वरच्या खोलीत मावश्यांच्या पिशव्या, ट्रंका, वाळत घातलेल्या साड्या. टीव्ही दिसतसुद्धा नव्हता. ताई मेंदीचे हात वर धरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पंचमीला आल्यावर करू. दिवा काय कुठं जात न्हाय."

मी ते धरून बसले. पंचमीला लेकी माहेरी येतात, आल्या की चार दिवस तरी राहतात. चार दिवसांत वादळ पार होईल.

पण त्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला लेकीसकट बोलावून धोंड्याचं जेवण करतात, पुरण भरलेले धोंडे उकडतात, जावयाचे पाय धुतात, वाण देतात. नवा जावई म्हटल्यावर पहिला धोंडा चुकवून चालत नाही. म्हणून पंचमीच्या आधीच ताई आणि दाजी एका दिवसासाठी आले.

दाजी माझ्याइतकेच अवघडलेले होते. जेवणानंतर त्यांना वरच्या खोलीत आडवं व्हायला नेलं. नवीन कपड्यांच्या घड्या अंगावर तशाच, ते खुर्चीच्या कडेला बसले. पप्पा समोर, मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन.  दाजींनी खोलीभर नजर फिरवली आणि टीव्हीखाली ती थांबली.

"हे काय, सेटटॉप बॉक्स व्हय?"

"न्हाय न्हाय," पप्पा म्हणाले, "गेमचं हाय ते. पोरी खेळत्यात."

"भारी हाय की."

बस, एवढंच. एवढं बोलून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. त्यांना त्या मशीनशी काही घेणं नव्हतं हे मला दाराशी उभं राहूनही दिसत होतं. पण पप्पांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या मनात भरलेली वस्तू घरात ठेवू नये, असं आमच्याकडे मानतात. त्याच्या तोंडून "भारी हाय" निघालं म्हणजे त्यानं ती मागितली नाही, पण आपण दिली पाहिजे. पप्पा खाली गेले, आईशी बोलले. मी जिन्यातून ऐकत होते.

आई म्हणाली, "अहो, पोरींचं हाय ते."

"लेकीच्याच घरी जायलंय की. कुठं परमुलखात चाललंय?"

ऐकायला ते बरोबरही वाटत होतं. ताई जाणार, तिच्यासोबत मशीन जाणार. संध्याकाळी चांदीचं निरांजन, कपडे, जाळीदार अनारशांचा डबा आणि त्याच्या शेजारी, साडीच्या खोक्यात, वायरींसकट मशीन. सीडी आतच होती. दाजी गोंधळून गेले. "अहो, हे कशाला, मी आपलं सहज..." पप्पा हात जोडून म्हणाले, "न्हाय म्हणू नका, वाण हाय." वाणाला नाही म्हणणं म्हणजे सासऱ्याचा अपमान. त्यांनी घेतलं. देणाऱ्याला द्यायचं नव्हतं, घेणाऱ्याला घ्यायचं नव्हतं, आणि सगळे एकमेकांशी अतिशय नीट वागले.

 नवऱ्यासमोर आणि बापासमोर ताई काय बोलणार. गाडीत बसताना ते खोकं तिनं डिकीत ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. आई म्हणाली, "अगं जड हाय." ती म्हणाली, "असू दे."

पंचमीला ताई आली. आल्या आल्या मी तिच्या बॅगेकडे बघितलं. तिनं ते ओळखलं.

"म्हणलं होतं मी. चार दिवसांसाठी न्हेऊ का म्हणलं."

"मग?"

"सासूबाई म्हणल्या, दिलेलं वाण कुणी माघारी न्हेतंय का?" तिनं सासूचा आवाज इतका हुबेहूब काढला की आईला हसू आलं. मग कुणीच हसलं नाही.

वरच्या खोलीत टीव्हीखाली चौकोनी जागा स्वच्छ राहिली होती, बाकी फळीवर धूळ. ते पप्पांनाही दिसत असणार. दिवाळीच्या आधी ते लातूरहून एक खोकं घेऊन आले. दुसऱ्या कंपनीचं, नवंकोरं मशीन. "दुकानदार म्हणला त्याच्यापेक्षा हे लई भारी. ह्याच्यात सगळं चालतंय." त्यांनी स्वतः वायरी लावल्या, चष्मा कपाळावर चढवून. त्यासोबत गाड्यांची एक शर्यत मिळाली होती. पप्पा माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. दुकान सोडून दुपारचे ते असे कधी बसत नसत.

"तेच हाय ना हे?" त्यांनी विचारलं.

"हो पप्पा. तसंच आहे."

"मग खेळ की. मी बघतो."

मी गाडी पळवली. ती भिंतीला धडकत राहिली. पप्पा प्रत्येक वेळी "अरारारा" म्हणत होते. त्यांना मी कसं सांगणार होते की बाजारात लाख मशीन असली तरी आपला गेम त्या एकाच जातीच्या मशीनवर चालतो, आणि तसं मशीन माझ्याकडे असतं तरी शेजारी ताई नाही. त्यांच्या डोळ्यांत मी भरपाई झाल्याचं समाधान बघितलं आणि अजून जोरात गाडी धडकवली.

संक्रांतीला आईबरोबर मी परंड्याला गेले. मशीन ताईच्या सासरी पुढच्या बैठकीत होतं. मोठा टीव्ही, त्याखाली काच, काचेमागं मशीन. दिवाणावर सासूबाई. खाली गादीवर ताईचा दीर आणि त्याचे मित्र फुटबॉल खेळत होते. नव्या सीडी आल्या होत्या. ताई चहाचा ट्रे घेऊन आली, पडद्याच्या समोरून जाताना वाकली. "ओ वहिनी, गोल गेला की!" दीर ओरडला, आणि ती हसून बाजूला झाली. ती चिडलेली नव्हती. ते घर तिच्याशी वाईट वागत नव्हतं. फक्त त्या खोलीत ती ट्रे घेऊनच येत होती.

दाजींनी मला बघितलं. त्यांना काहीतरी आठवलं असावं. "ए, दे रे तो रिमोट. पाहुण्यांना खेळू द्या. तुमचंच हाय की हे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दिवाणावरून सासूबाईंनीही. मी मान हलवली. माझ्या मागून ताई म्हणाली, "तिला न्हाय येत ओ खेळायला."

ते खरं होतं. आणि "मला येतं" असं ती म्हणाली नाही, ते मी ऐकलं.

आत स्वयंपाकघरात मी तिला हळूच विचारलं, "आपली सीडी आहे का?" ती म्हणाली, "हाय की. डाळीच्या डब्यामागं ठेवलीय. ह्यांच्यात हरवली असती." एवढं बोलून तिनं तिळाची वडी माझ्या तोंडात कोंबली.

पुढं मी शिकले, पुण्यात नोकरीला लागले. हिंजवडीतल्या ऑफिसात माझ्या टीममधली मुलं जेवताना गेमवर भांडतात. एक म्हणतो, एकाच मशीनवर चालणारे गेम काढणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यात दावं बांधणं. गेम सगळीकडे चालला पाहिजे. दुसरा म्हणतो, दावं असलं म्हणूनच ते जीव ओतून गेम बनवतात, सगळ्यांसाठी केलेलं कुणाचंच नसतं. मी डबा खात ऐकत असते. दोघांचंही मला पटतं. त्या एकाच मशीनवर चालतो म्हणून आमच्या गेमला किंमत आली होती, म्हणून तो क्रोशाच्या रुमालाखाली होता. आणि त्या एकाच मशीनवर चालतो म्हणून तो साडीच्या खोक्यात घालून नेता आला. मोबाईलमध्ये असता तर वाणात गेला नसता. पण मग ताई माझ्या शेजारी बसलीच नसती. हे मी कधी मोठ्यानं बोलले नाही.

त्यांच्याच बोलण्यातून एकदा कळलं की त्या कंपनीनं आपले जुने गेम आता कॉम्प्युटरवर आणायला सुरुवात केलीय. मी जागेवर जाऊन बघितलं. आमचा गेम यादीत होता.

त्याच सुमाराला ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्या महिन्यात ती कळंबला येणार होती आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत राहणार होती. इतकं ती लग्नानंतर कधीच राहिली नव्हती. मी गेम लॅपटॉपवर घेतला, जुन्यासारखाच एक रिमोट घेतला. मॅनेजरला विचारून काही आठवडे घरून काम मागून घेतलं. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ताई येईल, मी तिला आधी काहीच सांगणार नाही, नुसता लॅपटॉप टीव्हीला जोडीन. एकदा फोनवर ती सहज म्हणाली, धाकट्यानं ते मशीन बार्शीच्या दुकानात देऊन त्या बदल्यात दुसऱ्या कंपनीचं आणलं, त्याच्या सगळ्या मित्रांकडे ते आहे म्हणून. मला वाईट वाटलं, पण थोडंच. आता त्या मशीनची गरज नव्हती.

ताई आली. पहिले दोन दिवस शेजारणी, काकू, डोहाळ्यांच्या चौकशा. तिसऱ्या दुपारी ती वरच्या खोलीत पाय लांब करून भिंतीला टेकली होती, आई खाली झोपली होती. मी लॅपटॉप जोडला. पडद्यावर निळं पाणी आलं, ती नाव आली.

ताई सरळ बसली. "अगंबाई. हे कुठनं आणलंस?"

"आता इथंही चालतो. मशीन लागत नाही."

मी रिमोट तिच्या हातात दिला. तिनं तो पोटावर टेकवून धरला, जागाच नव्हती दुसरी. पहिलं बेट. ती बाई सरळ चालायला लागली. कोळी आला, बोलायला लागला, मी तोंड उघडलं. "कुठं निघालीस गं..."

ताईनं रिमोट गादीवर ठेवला.

"बाय," ती म्हणाली, "हा माझा झालाय."

"काय झालाय?"

"गेम. खेळून झालाय. संपलाय."

मला समजलं नाही. ती माझ्याकडे न बघता बांगड्या मागेपुढे करत होती. "तू संक्रांतीला आली होतीस ना, त्याच्यानंतर. दुपारची दुकानात असायची सगळी, धाकटा कॉलेजात, सासूबाई झोपायच्या आतल्या खोलीत. सीडी काढायची डब्यामागनं, लावायची. आवाज बंद करून. ते वादळ लई दिवस झाले तरी पार होईना. मग झालं एकदा."

"आवाज बंद करून?"

"सासूबाई उठल्या असत्या की."

"मग तुला कळलं कसं, काय बोलतात ते?"

"न्हाय कळलं," ती म्हणाली. "खाली इंग्लिशमधी येतंय ते वाचायचा प्रयत्न केला. लौकर जातंय ते."

"मला फोन करायचा ना."

"काय म्हणू फोनवर? तिथं उभं राहून?"

मी लॅपटॉपकडे बघत होते. कोळी बोलून झाला होता आणि वाट बघत हात हलवत उभा होता. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवलं नाही, "वडील भेटतात का?"

"न्हाय भेटत. वर दिव्यापाशी एक म्हातारी असती. लई वेळ बोलती ती हिच्याशी. तोंड हलत ऱ्हातं नुसतं. मग दोघी बसत्यात अन् दिवा लागतो."

"काय बोलती ती?"

ताईनं बांगड्या कोपराकडं सारल्या. मग म्हातारीच्या आवाजात, अगदी हळू, बोलायला लागली. "आलीस व्हय. बस. आधी तोंड धू, दोन घास खा. तुझा बाप गेला गं बाय. पर तुला उशीर न्हाय झाला. त्यानं सांगून ठेवलंय, येईल ती, तिला उशीर झाला असं म्हणू नका. आता हे घर तुझंच. दिवा तेवढा लावत जा सांजचा." मग ती आपल्या आवाजात म्हणाली,  "असं म्हणत असंल."

मी माझा मोबाईल घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "थांब ताई, एका मिनिटात सांगते तुला. नेमकं काय म्हणती ते बघून सांगते. मी सगळं नीट मराठीत..."

तिनं माझं मनगट धरलं. तिचे हात अजूनही तसेच घट्ट होते.

"नको."

"अगं पण ती काय म्हणती ते..."

"काय का म्हणंना. मी रोज भाकरी करताना ते घोळवलंय. वर्षं झाली. त्या घरात माझं माझं म्हणून एवढंच हाय बघ. ते तू इंग्लिशमधनं काढून बदलू नकोस."

मी मोबाईल पालथा ठेवला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "रागावलीस?" मी नाही म्हणाले. खालून आईनं हाक मारली, पाणी आलंय, नळी लावा. मी उठले, टीव्ही बंद केला आणि ड्रम भरायला खाली गेले.

ताईला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर दाजी येऊन दोघींना घेऊन गेले. ते बाळाला घेताना इतके घाबरत होते की पप्पांनाही हसू आलं. त्या महिन्यांत आम्ही खूप बोललो, दूध, झोप, टाके, बाळाचं नाक कुणावर गेलंय. गेमचा विषय परत निघाला नाही.

मी पुण्याला आले. एका रविवारी दुपारी रूमवर लॅपटॉप उघडला. ताईचा शेवट तिचा, मग माझा मी खेळावा, असं वाटलं. पहिल्या बेटावर कोळी भेटला. त्याचं बोलणं मला न थांबता कळतं, एकेक शब्द. मी ते सवयीनं हळू आवाजात मराठीत म्हटलं. रूममेटनं कानातला हेडफोन काढून विचारलं, "कुणाशी बोलतीयेस?"

"फोनवर," मी म्हणाले.

पुढच्या बेटावर जायला फळ्यांचा एक अरुंद पूल आहे. धावत येऊन शेवटच्या फळीवरून उडी मारायची असते. ताईला ते कधी अवघड गेलं नव्हतं, म्हणून तो पूल तिथं आहे हेच मी विसरले होते. मी पडले. परत धावले, परत पडले. ती बाई प्रत्येक वेळी निथळत काठावर येते आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते. मी अजून तिथंच आहे. पुढची माणसं काय बोलतात ते मला सगळं येतं, पण त्यांच्यापर्यंत जायला मला येत नाही.